डाउट की सस्पेक्ट? सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी क्रियापदांतून नेमकं कसं निवडायचं

आमच्या इमारतीतल्या एका काकांनी परवा त्यांचा इंग्रजी अर्ज मला वाचायला दिला. जिन्यातले दोन दिवे नाहीसे झाले होते आणि रात्रपाळीच्या माणसावर काकांचा संशय होता. अर्जात वाक्य होतं, 'आय डाउट दॅट ही टुक द लाइट्स.' स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, रचनाही बरोबर. अर्थ मात्र काकांच्या मनात होता त्याच्या नेमका उलट. इंग्रजी जाणणारा माणूस हे वाक्य असं वाचेल: 'त्यानं दिवे नेले असतील असं मला वाटत नाही.' ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याचीच बाजू काकांनी लेखी मांडली होती.

काकांना हवं होतं 'आय सस्पेक्ट'. शब्दकोशात दोन्ही शब्दांपुढे 'संशय' लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. 'त्यानंच नेलं असा संशय आहे' असं आपण म्हणतो, तसंच 'तो खरं बोलतोय याबद्दल संशय आहे' असंही म्हणतो. पहिल्या वाक्यात मन 'हो'कडे कललेलं असतं, दुसऱ्यात 'नाही'कडे. मराठीत हा कल 'असा' आणि 'याबद्दल' हे छोटे शब्द सांभाळतात. इंग्रजीत तो क्रियापदाच्या पोटातच असतो. सस्पेक्ट 'हो'कडे झुकतं, डाउट 'नाही'कडे. शेक्सपिअरच्या काळात डाउट हे आजच्या सस्पेक्टच्या अर्थानंही चालत असे. हॅम्लेटला काहीतरी काळंबेरं असल्याचा संशय येतो तेव्हा तो डाउटच वापरतो. म्हणजे काकांची चूक विचित्र मुळीच नाही. तिला फक्त चारशे वर्षं उशीर झालाय.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्या मुलांपैकी पहिली तुकडी आता नोकरीधंद्यात आहे. त्यांचं स्पेलिंग चांगलं असतं, काळ चुकत नाहीत, आणि तरी मेल लिहिताना बोटं थांबतात: 'से' लिहू की 'टेल'? 'डू' की 'मेक'? 'डिनाय' की 'रिफ्यूज'? ही अडचण हुशारीच्या अभावातून येत नाही. तिचं कारण वेगळं आहे, आणि ते समजलं की बरंचसं ओझं उतरतं.

## आधी आपल्याच घरात डोकावू

कुणी म्हणालं, 'मला नोकरी भेटली', तर पुण्यातली एखादी आजी लगेच सांगते, 'नोकरी मिळते रे, माणसं भेटतात.' ती आजी व्याकरण शिकलेली नसेल, पण तिच्या कानाला ते खुपतं. मुंबईत आणि इतर अनेक भागांत 'भेटली' सर्रास चालतं, आणि बोलीतल्या अशा वापराला हसणं मला बरं वाटत नाही. पण जिच्या कानाला ते खुपतं, तिला काय होतं तेवढं लक्षात ठेवा. अर्थ पोचलेला असतो आणि तरी काहीतरी जागेवरून हललेलं असतं. इंग्रज माणसानं 'ही सेड मी' ऐकलं की त्याला हेच होतं.

आता एखादी परदेशी सून मराठी शिकतेय असं समजा. इंग्रजीत तिच्याकडे एकच शब्द आहे, 'वेअर'. साडी, चष्मा, गजरा, फेटा, टिकली, अत्तर, सगळ्याला वेअर. इथे आल्यावर तिला कळतं की साडी नेसतात, चष्मा लावतात, गजरा माळतात, फेटा बांधतात, ड्रेस घालतात. ती बिचारी विचारणार, 'हे सगळं अंगावरच चढवायचं ना? मग पाच शब्द कशाला?' आपल्याकडे उत्तर नसतं. नियम कुणी शिकवलेलाच नाही. आईनं लहानपणी 'गजरा माळ' म्हटलं आणि तो शब्द त्या गजऱ्यासकट आपल्या डोक्यात गेला.

स्वयंपाकघरात तर तिची आणखीच पंचाईत. भाजी चिरायची, पण केस कापायचे. काकडी कोचवायची, नारळ फोडायचा, मग तो खवायचा, मेथी निवडायची. आणि ताटात भाजी 'टाक' म्हटलं तर सासूच्या कपाळावर आठी, कारण ताटात वाढतात. टाकतात ते कचऱ्यात.

सारख्या अर्थाची पण वेगवेगळ्या जागची क्रियापदं ही काही इंग्रजीची खोड नाही. प्रत्येक भाषेत ती असतात. फक्त आपल्या भाषेतली आपल्याला दिसत नाहीत.

## जमीन तीच, बांध वेगळे

समजा, एका मोठ्या शेताची दोन भावांनी दोन वेगळ्या वर्षी मोजणी केली. जमीन तीच, पण एकानं बांध उत्तर-दक्षिण घातले, दुसऱ्यानं पूर्व-पश्चिम. दोघांचे नकाशे एकावर एक ठेवले तर रेघा जुळणार नाहीत. चुकलं कुणाचंच नाही. माणसाच्या जगण्याचं शेतही प्रत्येक भाषेनं असंच आपापल्या सोयीनं वाटून घेतलंय. मराठी क्रियापदाचं एक वावर इंग्रजीत तीन तुकड्यांत पडतं, आणि इंग्रजीचं एक वावर मराठीत पाच तुकड्यांत.

आपलं 'लावणे' घ्या. दिवा लावला की उजेड येतो, दार लावलं की ते बंद होतं. एक सुरू होतं, एक मिटतं, क्रियापद मात्र तेच. शिवाय आपण झाड लावतो, तेल लावतो, फोन लावतो, मुलाला शिस्त लावतो, शिकवणी लावतो. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळं क्रियापद. म्हणून 'लावणे म्हणजे इंग्रजीत काय?' हा प्रश्नच फसवा आहे. त्याला उत्तर नाही. 'दार लावणे म्हणजे काय?' या प्रश्नाला आहे.

जिथे मराठीचं वावर मोठं आणि इंग्रजीचे तुकडे लहान, तिथे आपण अडखळतो. याचं सगळ्यात ठळक उदाहरण मला 'नाकारणे' वाटतं. मंत्र्यांनी आरोप नाकारला, भावानं लग्नाला यायचं नाकारलं, बँकेनं कर्ज नाकारलं. मराठीत तिन्ही ठिकाणी एकच शब्द आणि तिन्ही वाक्यं निर्दोष. इंग्रजीत मात्र आधी विचारावं लागतं की नाकारलं ते काय? 'हे खरं नाही' असं म्हटलं असेल तर डिनाय. 'मी हे करणार नाही' असं म्हटलं असेल तर रिफ्यूज. समोर आलेली गोष्ट बघून, पारखून परत पाठवली असेल तर रिजेक्ट. म्हणून 'ही डिनाइड टु कम' हे वाक्य इंग्रजी कानाला अडतं. येणं ही काही खरी किंवा खोटी ठरवायची बाब नाही, ती करायची किंवा न करायची बाब आहे. तिथे रिफ्यूज.

या चुकीचे परिणाम कागदोपत्री गंभीर होऊ शकतात. 'कर्मचाऱ्यानं आरोप नाकारला' आणि 'कर्मचाऱ्यानं काम करायला नकार दिला' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिला स्वतःचा बचाव करतोय, दुसरा आदेश मोडतोय. चौकशीच्या अहवालात हे क्रियापद चुकलं तर वाचणाऱ्याच्या मनात त्या माणसाचं चित्रच बदलतं.

## जिथे मराठीच मदतीला येते

आता दिलासा. ज्या जोड्या मुलांना सगळ्यात अवघड म्हणून शिकवल्या जातात, त्यांतल्या कितीतरी जोड्यांचं उत्तर मराठीत आधीपासून आहे. ते कुणी दाखवून देत नाही, इतकंच.

'सी' आणि 'लुक' घ्या. शब्दकोश दोन्हींना 'पाहणे' म्हणतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. 'सी'ला 'दिसणे' म्हणा, सगळं सुटतं. मला डोंगर दिसला, मी डोंगराकडे बघितलं. पहिल्यात मी काही केलं नाही, डोंगर आपणहून डोळ्यांत आला. दुसऱ्यात मी मान वळवली. मराठीनं हा फरक किती सुंदर केलाय बघा: आपणहून घडतं तिथे 'मला', मुद्दाम करतो तिथे 'मी'. 'हिअर' आणि 'लिसन'चंही हेच. मला हाक ऐकू आली, मी गाणं ऐकलं. 'मला' आलं तर सी आणि हिअर, 'मी' आलं तर लुक आणि लिसन. 'वॉच' म्हणजे एखाद्या हलत्या, घडत्या गोष्टीवर काही वेळ नजर ठेवणं, म्हणून टीव्ही आणि सामना वॉच करायचा. थिएटरात जाऊन सिनेमा बघितला तर इंग्रज 'सी' म्हणतो, घरी बघितला तर बहुधा 'वॉच'. इथे नियम थोडा सैल पडतो, तो तसाच सोडून द्या.

'बॉरो' आणि 'लेंड'मध्ये गोंधळणाऱ्यांनी फक्त मराठीत एकदा बोलून बघावं. उसनं घेणे म्हणजे बॉरो, उसनं देणे म्हणजे लेंड. 'कॅन यू बॉरो मी युवर पेन' असं म्हणणारा मुलगा मराठीत 'मला तुझं पेन उसनं घे' असं कधीही म्हणणार नाही. भाड्याच्या बाबतीत इंग्रजी उलट मोकळं आहे. घर भाड्यानं घेणंही रेंट आणि देणंही रेंट. 'ब्रिंग' म्हणजे आणणे, 'टेक' म्हणजे नेणे. 'स्टील' म्हणजे चोरणे, 'रॉब' म्हणजे लुटणे. पैसे चोरतात, माणसाला लुटतात. 'माझं पाकीट लुटलं' असं आपण म्हणत नाही, तसंच 'माय पर्स वॉज रॉब्ड' म्हणायचं नाही.

'वेअर'चा घोळही मराठीतूनच सुटतो. 'तो शर्ट घालतोय' आणि 'त्यानं शर्ट घातलाय' ही दोन वेगळी चित्रं आहेत. हात बाहीत जातोय ते पुट ऑन, अंगावर शर्ट आहे ते वेअर. 'ही इज वेअरिंग अ शर्ट' म्हणजे घातलाय. आपण 'इंग' पाहिलं की 'घालतोय' असं भाषांतर करतो आणि तिथे फसतो.

आणि मग एक जोडी येते जिथे मराठी मदत करता करता पाय ओढते. म्हणणे म्हणजे से, सांगणे म्हणजे टेल, बोलणे म्हणजे स्पीक किंवा टॉक. वाटणी अगदी चोख आहे. 'तो म्हणाला, उद्या येतो' हे से. 'त्यानं मला पत्ता सांगितला' हे टेल. अडचण एवढीच की मराठीत 'तो मला म्हणाला' हे सहज चालतं, म्हणून आपण बेधडक 'ही सेड मी' लिहितो. इंग्रजीत से आणि माणूस यांच्यामध्ये 'टु' हा उंबरा लागतो, टेलला लागत नाही. 'ही टोल्ड मी', पण 'ही सेड टु मी'. माणूस थेट शेजारी बसवायचा असेल तर टेल घ्या, एवढं लक्षात ठेवलं तरी बहुतेक वाक्यं तरून जातात. खरं, खोटं, गोष्ट आणि विनोद मात्र टेलच करायचे, समोर माणूस असो वा नसो. स्पीक आणि टॉकमध्ये इतकी कडक सीमा नाही. भाषा स्पीक करतात, व्यासपीठावरून स्पीक करतात, ओट्यावर बसून दोघी टॉक करतात.

## पडणे-पाडणे आणि एक जुनं नातं

हा भाग माझ्या फार आवडीचा आहे, म्हणून थोडा रेंगाळतो.

इंग्रजी शिकवणारे 'राइज' आणि 'रेज', 'लाय' आणि 'ले' या जोड्यांवर तासन् तास घालवतात. सूर्य राइज होतो, आपण हात रेज करतो. माणूस पलंगावर लाय होतो, पुस्तक टेबलावर ले करतो. व्याकरणाच्या भाषेत पहिलं अकर्मक, म्हणजे क्रिया करणाऱ्यापाशीच संपते. दुसरं सकर्मक, म्हणजे क्रिया दुसऱ्या कशावर तरी जाऊन पोचते. ही दोन नावं एवढ्यावरच सोडू. कारण मराठीत हा फरक तीन वर्षांचं मूलसुद्धा करतं. 'ग्लास पडला' आणि 'ग्लास पाडला' यांतला फरक त्याला नीट ठाऊक असतो, आणि मार कुठल्या वाक्यानंतर बसतो तेही.

पडणे-पाडणे, मरणे-मारणे. शब्दाच्या आतला एक स्वर लांबला आणि 'आपोआप झालं'चं 'कुणीतरी केलं' झालं. आता इंग्रजीकडे बघा: सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. फॉल म्हणजे पडणे, आणि झाड तोडून पाडायला इंग्रजीत शब्द आहे 'फेल'. ड्रिंक म्हणजे पिणे, आणि 'ड्रेंच', ज्याचा अर्थ आज चिंब भिजवणे असा आहे, त्याचा मूळ अर्थ होता 'पाजणे'. आतला स्वर बदलायची तीच युक्ती.

हा योगायोग नाही. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचं मूळ एक असावं असं मांडलं, आणि पुढच्या शतकात अभ्यासकांनी ते नातं तपशिलानं उलगडलं. संस्कृतात 'पतति' म्हणजे पडतो आणि 'पातयति' म्हणजे पाडतो. त्यांतूनच प्राकृतमार्गे आपले पडणे आणि पाडणे आले. इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातली आहे, त्या कुळानं 'सिट-सेट'सारख्या जोड्या घडवल्या त्याही त्याच अतिप्राचीन प्रयोजक, म्हणजे 'कुणीतरी केलं' असं दाखवणाऱ्या, प्रत्ययातून. म्हणजे रत्नागिरीतली आई मुलाला 'पाडलंस ना?' म्हणते आणि इंग्लंडमधला शेतकरी झाड 'फेल' करतो, तेव्हा दोघं एकाच पणजोबांचं हत्यार वापरत असतात.

म्हणून राइज-रेज पाठ करू नका. मनात उठणे-उठवणे म्हणा. लर्न-टीचला शिकणे-शिकवणे. रिमेंबर-रिमाइंडला आठवणे आणि आठवण करून देणे. 'प्लीज रिमेंबर मी टुमॉरो' असा निरोप गेला तर समोरचा उद्या तुमची आठवण काढेल, पण तुमचं काम तुमच्या लक्षात आणून देणार नाही.

एक जागा मात्र जपावी. 'लाय'चा भूतकाळ 'ले' असा होतो, आणि तो दिसतो दुसऱ्या क्रियापदासारखाच. इथे जन्मानं इंग्रजी बोलणारेही सर्रास चुकतात, तेव्हा आपण चुकलो तर मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

## संगतीवरून ओळख

आता अवघड भाग. 'करणे'.

आपण स्वयंपाक करतो, अभ्यास करतो, चूक करतो, फोन करतो, धंदा करतो, उपकार करतो. इंग्रजी याचे दोन भाग करते, डू आणि मेक. शाळेत नियम सांगतात की काही नवीन तयार झालं तर मेक, नुसतं काम केलं तर डू. चहा मेक, गृहपाठ डू. नियम चांगला आहे आणि बराच पल्ला गाठतो. आवाज केला, आवाज निर्माण झाला, मेक. भांडी घासली, नवी भांडी तयार झाली नाहीत, डू. चूकसुद्धा आधी नव्हती आणि आता आहे, म्हणून मेक.

पण अंथरूण नीट केलं तर इंग्रजीत 'मेक द बेड' म्हणतात. पलंग तर आधीपासून तिथे होता! इथे नियम हात टेकतो. मी इंग्रजी शिकत होतो तेव्हा अशा प्रत्येक अपवादासाठी ओढूनताणून कारण शोधायचो. त्यात किती वर्षं वाया गेली याची आज हळहळ वाटते. आपण गजरा 'माळतो' याचं कारण कुणी आपल्याला दिलं नव्हतं, आणि आपलं काही अडलं नाही.

जे. आर. फर्थ नावाचे ब्रिटिश भाषातज्ज्ञ होते. काही वर्षं त्यांनी लाहोरला इंग्रजी शिकवलं होतं. १९५७ साली त्यांनी जे लिहिलं त्याचा आशय असा की, शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. शब्दांचं असं नेहमी एकमेकांसोबत दिसणं, याला आपण इथे 'संगत' म्हणू. सिगारेट ओढतात, शपथ घेतात, मार खातात, हाक मारतात. हाक 'करत' नाहीत. का? संगत. मेक आणि बेड यांची संगत शेकडो वर्षांची आहे. तिला तर्क लावायचा नाही, ती जोडीनं लक्षात ठेवायची.

म्हणून वहीत 'मेक म्हणजे करणे' असं कधीच लिहू नका. 'मेक अ मिस्टेक', 'डू मी अ फेवर', 'टेक अ फोटो' अशा जोड्या लिहा. लग्नाच्या यादीत आपण नवरा-नवरीची नावं शेजारी शेजारीच लिहितो ना, तशा.

## आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट

काही वेळा अर्थ खरोखरच एक असतो आणि फरक असतो पायरीचा. हे इंग्रजीच्या इतिहासातून आलंय. १०६६ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आलेल्या नॉर्मन सरदारानं इंग्लंड जिंकलं. पुढची दोन-तीन शतकं दरबार आणि न्यायालय फ्रेंचमध्ये चाललं, शेत आणि चूल इंग्रजीत. १३६२ साली कायदा करून न्यायालयात इंग्रजी बोलायला वाट द्यावी लागली. तोवर फ्रेंच शब्द भाषेत मुरले होते, आणि विद्वानांनी लॅटिनमधून आणलेले त्यावर चढले.

म्हणून एकाच कामाला दोन-दोन, तीन-तीन शब्द. आस्क हा घरातला, क्वेश्चन हा फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधला. रस्ता विचारायचा तर आस्क, शंका घेत जाब विचारायचा तर क्वेश्चन, पोलिसांनी कसून चौकशी केली तर इंटरॉगेट. बाय आणि पर्चेस, बिगिन आणि कमेन्स यांचंही असंच. आधीचा घरचा, नंतरचा दरबारी.

आपल्याला हे परकं वाटायला नको. अर्ज, मंजूर, दाखल हे शब्द फारसी राजवटींच्या काळात आपल्याकडे रुजले. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला. आज आपण काम सुरू करतो, पण निमंत्रणपत्रिकेत कार्यक्रमाचा शुभारंभ होतो. माणूस वारतो, बातमीत त्याचं निधन होतं, आणि राग आला तर तोच माणूस मेला. कुठल्या पायरीवर उभं राहून बोलतोय त्यावर शब्द ठरतो.

पायरी चुकली तर माणूस उद्धट किंवा कृत्रिम वाटतो. 'मागणे'साठी 'डिमांड' वापरणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं की तो मोर्चाचा शब्द आहे. 'आय डिमांड टू डेज लीव्ह' वाचून साहेबाच्या भुवया उंचावतील. रजेच्या अर्जात रिक्वेस्ट, तोंडी बोलताना आस्क फॉर.

## 'अर्थ कळला ना? मग झालं!'

हा आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो आणि तो अर्धा खरा आहे. भाजीवाल्याशी, प्रवासात, मित्रांत अर्थ पोचला की काम झालं. तिथे 'सेड मी' म्हणून घाबरत गप्प बसण्यापेक्षा बेलाशक बोलावं. पण या लेखात आलेल्या चुका दोन जातींच्या आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. 'सेड मी' नुसतं खटकतं, अर्थ बदलत नाही. 'डाउट' आणि 'सस्पेक्ट', 'डिनाय' आणि 'रिफ्यूज', 'रिमेंबर' आणि 'रिमाइंड' हे मात्र अर्थ बदलतात. वेळ कमी असेल तर आधी या दुसऱ्या जातीकडे लक्ष द्या.

## 'आमचं इंग्रजीही इंग्रजीच ना?'

आहेच. 'गिव्ह द एक्झाम' हे भारतीय इंग्रजीत इतकं रुजलंय की त्याला चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही. आपण परीक्षा देतो, शिक्षक घेतात. इंग्लंडात उलट: विद्यार्थी परीक्षा टेक करतो किंवा तिला सिट करतो, गिव्ह करतात ते शिक्षक. आपली कल्पना अशी की विद्यार्थी स्वतःला कसोटीला देतो. तीत कमी काही नाही.

'पास आऊट'ची गोष्टही तशीच. आपण २०१५ साली कॉलेजातून पास आऊट झालो. ब्रिटिश लष्करात प्रशिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्यांसाठी हा शब्द आहे, आणि तिथूनच आपल्याकडच्या लष्करी अकादमींच्या संचलनालाही त्याचं नाव मिळालंय. पण बाहेरच्या जगात रोजच्या बोलण्यात पास आऊट म्हणजे शुद्ध हरपणे. 'एक्स्पायर' आपण माणसासाठी आदरानं वापरतो, तिकडे तो औषधाच्या बाटलीवरचा आणि पासपोर्टवरचा शब्द आहे.

माझं मत असं की नागपूरहून नाशिकला मेल जात असेल तर हे शब्द खुशाल वापरा. टोरंटोच्या विद्यापीठाला किंवा लंडनच्या कंपनीला जात असेल तर समोरच्याचा शब्द घ्या. पाहुण्यांकडे गेलं की त्यांच्या घरच्या रीतीनं ताटावर बसतो, आणि आपल्या घरची रीत चुकीची होती असं काही त्यातून ठरत नाही.

## शब्दकोश कुठला उघडायचा

इंग्रजी-मराठी कोश शब्दाचं दार दाखवतो, आत नेत नाही. आत नेणारा कोश वेगळा असतो, परभाषक शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेला. याची वाट ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकानं मोठ्या प्रमाणात मोकळी केली. ते जपानमध्ये शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ कळतो पण वाक्यात तो बसवता येत नाही, ही अडचण ते रोज बघत होते. त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला, आणि त्याच कोशाची पुढची रूपं आज जगभर वापरली जातात. अर्थाबरोबर क्रियापदापुढे काय येतं, माणूस, वस्तू की 'टु'सकट दुसरं क्रियापद, हे त्यात दाखवलेलं होतं. जपानी विद्यार्थ्यांची अडचण आपल्याच अडचणीची बहीण होती.

आज असे कोश मोबाइलवर फुकट मिळतात. एक सवय लावून घ्या: व्याख्या वाचायच्या आधी खालची उदाहरणं वाचा. 'रिफ्यूज'खाली दहा वाक्यं वाचली की त्याच्यापुढे 'टु' येतं हे डोळ्यांत बसतं. 'डिस्कस'खाली वाचली की त्याच्यापुढे 'अबाउट' कुठेच नाही हे दिसतं. 'मॅरी'खाली 'विथ' नाही. आपण 'तिच्याशी लग्न केलं' म्हणतो, त्या 'शी'मुळे 'विथ' येऊन चिकटतं.

## 'आता मशीनच लिहून देतं की!'

देतं, आणि चांगलं देतं. मीही वापरतो. 'मेक'च्या जागी 'डू' पडलं तर ते लगेच सांगतं. संगतीच्या चुका पकडणं हे त्याचं बलस्थान आहे, कारण कोट्यवधी वाक्यांतली संगत बघूनच ते शिकलेलं असतं.

पण काकांचं वाक्य त्याला दिलं तर? 'आय डाउट दॅट ही टुक द लाइट्स' यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. ते शुद्ध इंग्रजी आहे. काकांच्या मनात काय होतं हे मशीनला दिसत नाही. मराठीतून भाषांतर करायला दिलं तरी तीच अडचण उभी राहू शकते. 'त्यांनी नाकारलं' एवढंच टाकलंत, तर आरोप नाकारला की यायचं नाकारलं की दिलेले पैसे नाकारले, हे त्याला कुठून कळणार? तेव्हा मशीनला वाक्य देण्याआधी मराठीतच ते पुरतं लिहा. काय नाकारलं, कुणाला सांगितलं, संशय 'असा' आहे की 'याबद्दल'.

काकांचा अर्ज आम्ही तसाच दुरुस्त केला. आधी त्यांना तोंडी मराठीत सगळं सांगायला लावलं. ते म्हणाले, 'अरे, त्यानंच नेले असं मला वाटतंय, पण मी डोळ्यांनी बघितलेलं नाही.' मग 'डाउट' खोडून 'सस्पेक्ट' लिहिलं, आणि त्याच्या खाली काकांच्याच सांगण्यावरून आणखी एक ओळ घातली: 'आय डिड नॉट सी हिम टेक देम.'